अकराव्या प्रश्नाचं उत्तर

पिंपरी,
गुरुवार, ११ ऑक्टोबर १९७९

प्रिय जयसिंग,

आज कारखान्याला सुट्टी. आई सकाळीच दिघीला मावशीकडे गेली आहे, त्यामुळे हे पत्र एका बैठकीत लिहून होईल. मी रागात आहे. तरी हात हललेला नाही, हे अक्षरावरून तुला दिसेल. अक्षराचं पुढे येईलच.

आधी कोंडीरामदादाची बातमी. केनियात मोंबासाला कंपनीच्या कामावर असताना त्याला मागून ट्रकने उडवल्याला आज बावीस दिवस झाले. उजव्या मांडीचं हाड मोडलं आहे आणि पायाला वजन टांगून त्याला निजवून ठेवलं आहे. तिथले डॉक्टर म्हणतात, नैरोबीच्या मोठ्या इस्पितळात हलवून हाडात सळई घालायला हवी, तीही महिन्याच्या आत. नाहीतर पाय आखूड आणि वाकडा जुळेल. नैरोबीवाले हमीपत्राशिवाय खाट देत नाहीत, आणि विमा कंपनीने हमी नाकारली आहे. परदेशप्रवासाच्या विम्याच्या अर्जात अकरावा प्रश्न होता : प्रवासाच्या काळात मोटारसायकल चालवणार का? उत्तर आहे 'नाही'. दादा पडला तो मोटारसायकलवरून. त्यांच्या जागी मी असते तर मीही तो कागद परत पाठवला असता. मी इन्स्पेक्शनमध्ये आहे, मला नियमाचा राग येत नाही.

आईला विम्याचं आणि हमीचं काही माहीत नाही. ती रोज एकच विचारते, "पाय हाय ना गं त्याचा? मंग बाकीचं बघू." मी हो म्हणते. आणखी आठ दिवसांनी काय म्हणायचं ते ठरवलेलं नाही.

काल युनियनच्या अर्जुनरावांनी मला चौकशीचे कागद दाखवले. त्यात एक्स्पोर्ट विभागातर्फे तुझा जबाब आहे : सदर कामगाराने अर्ज स्वतः भरला व माहिती लपवली, विभागास याची कल्पना नव्हती. मी तो तीनदा वाचला. अर्जुनराव म्हणाले, "पोरी, नवरा मोठा पारखून घेतलास गं." मग त्यांनाच कसंतरी झालं आणि ते चष्मा पुसत बसले.

तो अर्ज जुलैमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, तुझ्या टेबलावर मी भरला. निम्मी शॉप माझ्याकडून अर्ज भरून घेते, पासपोर्टचे, रेशन कार्डाचे, पोरांच्या शाळेचे, कारण माझं ड्रॉइंगचं अक्षर स्वच्छ आहे. दादा हातात डबा घेऊन शेजारी उभा होता. अकराव्या प्रश्नावर मी थांबले. म्हटलं, हा तर गाड्या चालवायलाच चाललाय. तू म्हणालास, "अगं, 'हो' लिहिलंस की कागद मुंबईला जातो. डॉक्टरचा दाखला, जादा हप्ता, तीन आठवडे गेले. तिकडे गाड्यांची खोकी बंदरावर उतरलीत. मागच्या फिटरच्या अर्जात 'नाही' आहे, त्यावरून बघून लिही." मागचा फिटर वेल्डिंगचं यंत्र बसवायला गेला होता. हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. दादा घास गिळत म्हणाला, "लिही गं कस्तुरे. मी काय पडतोय व्हय? जन्म गेला गाडीवर." आणि मी लिहिलं. पाच शतांश मिलिमीटरसाठी शंभर ॲक्सल परत पाठवणारी मी, शंका आलेली असताना लिहिलं. त्या दिवसांत तू सांगितलेलं काही तपासून बघावं असं मला वाटत नसे.

त्याच दिवशी, त्याच टेबलावर, तू दादाचा कामाचा आदेश टाइप केलास. प्रत्येक गाडी वीस किलोमीटर रस्त्यावर चालवून मगच गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यावी. खाली तुझी सही. दादाने एक प्रत घरी पेटीत ठेवली होती. सहीची शाई अजून निळीभोर आहे. आणि विभागास कल्पना नव्हती!

तुला देहूचा रस्ता आठवतो का? नोकरीला लागून तुला तीन महिने झाले होते आणि तुला गाडी येत नव्हती. मोटारसायकलच्या कंपनीत हे सांगायची तुला लाज. दादा रोज शिफ्ट सुटल्यावर चाचणीची गाडी काढून तुला शिकवायचा. एक दिवस तू बाभळीत घुसलास. हेडलाइट फुटला, पुढचा फोर्क वाकला. दादाने फोरमनला सांगितलं, मीच पडलो. चार दिवस सस्पेंड झाला. घरी आई ओरडली तर म्हणाला, "पोरगं नवीन हाय, कायम व्हायचंय त्याला. माझं काय वाकडं होतंय?" तुला त्याने एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी ब्रेक सापडला तर दाबून बघ. आपलं जुळलं तेव्हाही मला चिडवायचा, "जयसिंगला गेज लावून बघितलास का गं?" मी म्हणायचे, बघितलं.

म्हणजे तो बोलणार नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. त्या भरवशावर तू जबाब लिहिलास. खोटं बोलणारी माणसं मी शॉपवर रोज बघते, तेवढ्याने मला इतका राग आला नसता. सोमवारी त्याचं पत्र आलं, आडवं पडून पेन्सिलीने लिहिलेलं. त्यात आहे, "जयसिंगचं नाव मधी आणू नको. लगीन तोंडावर हाय." लग्न आता होणार नाही, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. दादाला कळवेन, तो चालायला लागल्यावर.

हे पत्र कशासाठी ते आता लिहिते. उद्या सकाळी दहा वाजता मी वर्क्स मॅनेजरांना लेखी जबाब देणार आहे. अर्ज मी भरला. उत्तर खोटं आहे हे मला माहीत होतं. तुझ्या सांगण्यावरून लिहिलं. सोबत आदेशाची प्रत आणि माझं एक ड्रॉइंग जोडलं आहे. अर्ज शेजारी ठेवला की अक्षर कोणाचं ते विचारावं लागणार नाही. माझी नोकरी जाईल, ते मी धरून चालले आहे. पण मी एकटी बोलले तर बहिणीचा शब्द म्हणून चौकशी लांबवतील, आणि दादाजवळ आठच दिवस उरलेत. विभागाला माहीत होतं, असं विभागाच्याच माणसाने सहीनिशी सांगितलं, तर आपल्या कंपनीला नैरोबीला स्वतःची हमी तारेने पाठवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून जबाबाखाली दोन सह्यांची जागा ठेवली आहे. वरची झाली आहे. हे पाकीट आज संध्याकाळी तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवेन. उद्या पावणेदहापर्यंत मी टाइम ऑफिसपाशी उभी आहे. माफी मागायची असेल तर येऊ नकोस. येणार असलास तर पेन घेऊन ये.

कोंडीरामची बहीण,
कस्तुरा