मनोऱ्यातल्या बाईची ओटी

१६ जानेवारी १९८९, सोमवार

आलो बाई एकदाचे सिल्वासाला. श्रीधरच्या कंपनीने रांध्याच्या रस्त्यावर एका जुन्या इस्टेटीतला बंगला दिला आहे. सगळीकडे आंबा आणि चिकू, मागे भातखाचरांच्या कडेला पोर्तुगीज जमीनदाराने बांधलेला दगडी मनोरा. सामान उतरायच्या आधीच जुई त्याला चकरा मारून आली. नाशिकच्या दोन खोल्यांत एवढं पळायला कुठे मिळत होतं तिला! कामाला भिमाबाई मिळाली आहे, शहाद्याकडची. नवरा आमलीत कारखान्यात. तीही इथे नवीनच.

१८ जानेवारी

श्रीधरने मनोरा दाखवला. वरच्या खोलीत कोनाड्यात एक दगडी बाई बसली आहे. इस्टेटीचे मॅनेजर सांगत होते, जमीनदाराची मुलगी दमणगंगेत बुडाली. त्याची बायको रोज इथल्या खिडकीत नदीकडे बघत बसायची. ती गेल्यावर त्याने ही मूर्ती करवून घेतली. हात उघडे, मांडी परातीसारखी खोल. जुई होईपर्यंत मीही किती वर्षं रिकामी बसले होते. त्या मांडीकडे बघवेना.

२० जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे दिवस आणि शेजार म्हणून नाही. भिमाबाई म्हणाली, “बोलवाल कोणाला ताई, चिकूंना?” तेव्हा मला ती आठवली. दुपारी आम्ही तिघी वर गेलो. दगडी बाईला हळदीकुंकू लावलं, खण ठेवला, गहू-बोरं-हलव्याने ओटी भरू लागले, तेवढ्यात जुई धावत जाऊन तिच्या मांडीवरच बसली. भिमाबाई हसून म्हणाली, “घ्या, भरली बाईची ओटी!” मलाही हसू आलं. जुईला उचलताना मात्र जड गेलं. फ्रॉक कुठेतरी अडकला असावा.

घरी आल्यावर आठवलं. ओटी घेणारी बाई त्यातलेच चार दाणे देणारीच्या पदरात परत टाकते. मी घेतले नाहीत. दगडाकडून काय घ्यायचे?

२३ जानेवारी

जुई आज मला म्हणाली, “तुम्ही जेवलात का?” खेळ असेल. पण तिच्या फ्रॉकवर पांढरी धूळ बसते, झटकली तरी पुन्हा. हात गार. भूक नाही म्हणते.

२५ जानेवारी

मला काकू म्हणते. मी विचारलं, मग आई कोण? तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनोऱ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टर म्हणतात ताप नाही, काही नाही. श्रीधर मुंबईला. फोनवर हसला, मुलं बोलतात असं काहीतरी म्हणाला. भिमाबाई आता हसत नाही. सकाळपासून रडते आहे, आपणच बोललो म्हणून. मग हळूच म्हणाली, “ताई, दिलेली ओटी कोणी मागे घेतं का?”

२७ जानेवारी

वापीला निघालो होतो, पहिल्या गाडीने नाशिक. फाटकापाशी जुई खाली बसली ती — मला नि भिमाबाईला मिळून उचलेना. सहा वर्षांचं पोर. शेवटी गोणपाटावर ओढत घरी आणलं. गुडघे वाकलेत, सरळ होत नाहीत. कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखी —

तिला दुखत नाही म्हणते. मला दुखतंय.

२८ जानेवारी, दुपार

पाण्याला उठले तेवढ्यात पलंग रिकामा.

मनोऱ्यात आहे. लिहून ठेवते, श्रीधरला खरं वाटायचं नाही. जुई तिच्या मांडीवर आहे. फ्रॉकच्या चुण्यासुद्धा दगडाच्या. केस अजून — नाही, केसही. ओढलं, नखं तुटली. भिमाबाई माणसं आणायला धावली.

मी पदर पसरला. म्हटलं, बाई, मला ठेव. माझी तेवढी दे.

पदरात काहीतरी पडलं —

गहू. दोन बोरं. जुईची लाल रिबीन.

परतीचे दाणे. म्हणजे ओटी पोचली. नको, हे नको मला, परत घे, मी असं नव्हतं —

“काकू,” — जुईचाच आवाज, तिथूनच — “आई म्हणते, आता तुम्ही घरी जा.”