सावडीचे तीन दिवस

मी, रखमाजी सखाराम कोंडभर, वय बासष्ट, राहणार भाजे, तालुका मावळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीविषयी कोणी शंका काढू नये. भिकाजी पिंगळे यांचा खून करतानाही मी शुद्धीवर होतो, असे न्यायालयाने लेखी कळवलेले आहे. त्याबद्दल सतरा वर्षे सरकारी पाहुणचार घेऊन मी चार वर्षांपूर्वी गावी परतलो. मला मूलबाळ नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. भाषणे मात्र पुष्कळ केली.

१. शेत. वाटणीत माझ्याकडे आलेले तीस गुंठे भातखाचर भिकाजींच्या पत्नी रतनबाई यांना द्यावे. कारण सांगणे भाग आहे. आमच्याकडे भातलावणीला सावड चालते. तुम्ही माझ्या खाचरात जितके दिवस राबाल, तितके दिवस मी तुमच्या खाचरात राबायचे. २००४ च्या जुलैत मी लोणावळ्यातली सभा गाजवून दुपारी गावात आलो. विषय होता स्त्रीचे स्वातंत्र्य. खाचरात भिकाजी माझ्या पत्नी नंदाबाईंच्या शेजारी वाकून रोपे लावत होते, आणि तेही सलग तिसऱ्या दिवशी. मी तर त्यांच्याकडे एक दिवसही राबलो नव्हतो. मग हा गृहस्थ फेडतो आहे काय?

विचारले तर म्हणाले, “भाऊ, सावड फेडतोय. तुमी सभांना गेलता तवा वैनी तीन दिस आमच्या वावरात व्हत्या.”

घरधनी गेला नाही तर घरची बाई सावडीला जाते, हे गावातल्या शेरडांनाही माहीत होते. पण मी पडलो वक्ता. ऐकून घेणे हा माझा प्रांत नव्हता. बांधावर कोयता पडला होता.

शेताचे सांगायला गेलो तेव्हा रतनबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “जमीन घेते. माफी मागाया आला असाल तर ती न्हाई.” दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत.

२. पुतण्या चि. स्वराज. याने त्याच खाचरात पोहण्याचा तलाव बांधायचे ठरवले होते. “आबा, वीकेंडला लय पब्लिक येतंय. भातात काय ठेवलंय?” याला माझ्या भाषणांच्या सात वह्या आणि सत्काराच्या अकरा शाली द्याव्यात. माणुसकीवरचे भाषण चौथ्या वहीत आहे. निवडणुकीला उभा राहिलास तर उपयोगी पडेल, बाळा. मला तर घरात एकदाही पडले नाही.

३. सुतारकीची हत्यारे. रंधा, पटाश्या आणि करवत कारागृहाच्या सुतारशाळेला द्यावीत. तिथे नव्या विद्यार्थ्यांची टंचाई पडत नाही.

४. घर. हे नंदाबाईंना द्यायचे योजले होते. त्या आता तळेगावात शाळेचा पोषण आहार शिजवतात. सतरा वर्षांत त्या मला एकदाही भेटायला आल्या नाहीत, आणि ते योग्यच होते. वकिलाच्या सल्ल्याने, पण माझ्याच तोंडाने, मी न्यायालयात सांगितले होते की बायकोचे भिकाजीशी संबंध होते, म्हणून माझा तोल गेला. न्यायालयाने ती गोष्ट फेटाळली. गावाने मात्र मान्य केली, आणि गावाच्या निकालावर अपील नसते.

मी घराचे सांगितले तेव्हा नंदाबाईंनी हातातली पळीसुद्धा खाली ठेवली नाही.

“घर नगं मला. कोर्टात खोटं बोललो येवढं लिवून द्या.”

तसे कलम मी लिहिले. दशक्रियेला घाटावर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजलीच्या भाषणांऐवजी तेच माईकवरून वाचावे, अशी सूचनाही जोडली. ती ऐकून त्या म्हणाल्या, “म्हंजी तुमी मरस्तवर मी वाट बघू? आन् तुमी शंभरी गाठली तर?”

मुद्दा बिनतोड होता. सूचना रद्द केली आणि काल रविवारी ग्रामसभेत पुढील मजकूर मी स्वतः वाचला:

“नंदाबाई आणि भिकाजी दोघेही निर्दोष होते. त्यांच्यात सावडीपलीकडे काही नव्हते. दोष माझ्या मत्सराचा होता. मी खून केला आणि मग खोटे बोललो.”

आयुष्यात प्रथमच कागदावरून, मान खाली घालून बोललो. मागून कोणीतरी म्हणाले, “आमाला ठावंच व्हतं की!” एकवीस वर्षे हे ठाऊक असलेली मंडळी इतकी मुकाट बसू शकतात, याचे मला वक्ता म्हणून फार कौतुक वाटले.

घर आता गावच्या बायकांच्या बचत गटाला द्यावे. बैठकीत पुरुषाचे भाषण ठेवू नये, एवढीच अट.

५. व्यवस्था. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शरच्चंद्र गुरुजींनी करावी. कारागृहात मला पुस्तके पाठवणारे तेवढेच होते.

ठिकाण: भाजे, ता. मावळ, जि. पुणे
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: रखमाजी सखाराम कोंडभर (सही)

आम्हा दोघांसमक्ष सही झाली.

साक्षीदार १: शरच्चंद्र वामन लिमये, निवृत्त शिक्षक, तुंगार्ली, लोणावळा (सही)

साक्षीदार २: नंदाबाई, मुक्काम तळेगाव (सही). काल सभेत हजर व्हते. सगळं वाचलं. खोडाखोड न्हाई.