डबल बाँडची एकच काडी

३ मार्च
रंगाच्या कंपनीतून बाहेर पडून महिना झाला. त्यांनी काढलं नाही. राजीनामा मीच दिला. त्यांनी फक्त टाइप करून आणला होता. आजपासून लेकीची ऑरगॅनिक केमिस्ट्री माझ्याकडे. तिने आपणहून विचारलं. परीक्षा तोंडावर आली की बापाची किंमत कळते.

४ मार्च
एलिमिनेशन रिॲक्शन. अल्कोहोलला ॲसिडबरोबर तापवलं की त्यातून पाणी निघून जातं आणि दोन कार्बनमध्ये डबल बाँड होतो. झालं! पुस्तकाने उगाच पानंच्या पानं खर्च केलीत. ती वाचायची गरज नाही.

६ मार्च
शेजारच्या दोन कार्बनपैकी हायड्रोजन कोणाचा जातो? म्हटलं, ज्याच्याकडे जास्त, त्याचा. साधा न्याय आहे. लेक हळूच म्हणाली, ज्याच्याकडे आधीच कमी, त्याचाच बहुतेक जातो. असा अन्याय केमिस्ट्रीत नसतो, हे समजावून सांगितलं.

९ मार्च
डबल बाँडवाल्या ब्यूटीनचे म्हणे सिस आणि ट्रान्स असे दोन आयसोमर; अणू तेच, फक्त टोकं एका बाजूला की विरुद्ध, एवढाच फरक. कणकेचे गोळे आणि काड्यापेटीतल्या काड्या घेऊन मॉडेल केलं. डबल बाँडला दोन काड्या हव्यात, पण एकीत भागलं. एक टोक फिरवलं. सिसचं ट्रान्स झालं! म्हणजे दोन नाहीतच, पदार्थ एकच. पुस्तकवाल्यांना कळवायला हवं.
बायको म्हणाली, कणीक परत द्या.

१२ मार्च
दुपारी फोन वाजला. कंपनीचा वाटला. राँग नंबर. तरी बराच वेळ फोन हातातच धरून बसलो. शिकवणीची वेळ वाढवली.

१७ मार्च
पेपर झाला. सिस-ट्रान्स आलंच. ती दोन आयसोमर काढून आली! मी चिडलो. तिने कणीक आणली, दोन गोळ्यांमध्ये दोन काड्या खोचल्या आणि माझ्या हातात दिलं. फिरवून पाहिलं. फिरेना.
मग इतके दिवस माझ्यापुढे मान का डोलवत होतीस, विचारलं.
"आई म्हणाली, बाबांना काहीतरी काम हवं. एकटे बसले की घाबरतात."
बायको तिथेच भाजी चिरत राहिली. वर पाहिलं नाही.

१८ मार्च
सकाळी खोलीबाहेर पडवेना. लेकच आली, फिजिक्सचं पुस्तक घेऊन. यातलं काही समजत नाही, म्हणाली.
तिला समजतं, हे मला माहीत आहे.
चष्मा लावला आणि शिकवायला लागलो.