खराब बुचाची बाटली

मंगळवार, ४ मार्च

वही काढावी लागली, कारण माझ्याच स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागे काहीतरी चाललंय आणि मला पुरावा हवा आहे. तोंडी बोललं की चिरंजीव म्हणतात, "आई, तुला उगाच वाटतं." उगाच! आता तारीखवार लिहून ठेवते. मग बघू.

आमचं जेवणघर लहान. नऊ टेबलं, कागदी रुमाल, तळलेला मासा, बर्गर, सूप, कोंबडी. सव्वीस वर्षं नियम एकच — मी चव घेतल्याशिवाय काही बाहेर जात नाही. चवीचा चमचा माझ्या ॲप्रनच्या खिशात. दुसऱ्या कुणाच्या नाही.

आता सुनेने टूम काढली आहे — जेवणासोबत वाइन. बडेजाव नाही म्हणे, साध्या ग्लासात, साध्या जेवणाला साजेशी. "आई, कशासोबत कोणती, ते मी चाखून ठरवते. तक्ता करते." मी चाखून! म्हणजे आज वाइन, उद्या सूप. चमचा कुणाच्या खिशात जाणार हे समजायला पदवी लागत नाही — आणि ती माझ्याकडे आहे.

बुधवार, ५ मार्च

वाइनवाला येऊन गेला. ग्लास गोल फिरवतो, नाक आत खुपसतो, डोळे मिटतो. जणू समाधीच! मी त्याचं नाव नाकेश्वर ठेवलंय.

त्याची पांढरी वाइन घेतली. आंबट पाणी. "हिरव्या सफरचंदाचा वास येतोय ना?" — नाकेश्वर. "अगदी!" — सून. मी दोनदा हुंगलं. कसलं सफरचंद अन् कसलं काय. एकाने फेकायचं आणि दुसरीने झेलायचं, आधी ठरवल्यासारखं.

बोलतो मात्र पद्धतशीर. तळलेल्या माशासोबत ही थंडगार द्या, तेलकटपणा कापते. बर्गरसोबत हलकी लाल, तीही जराशी गार. तिखट कोंबडीसोबत किंचित गोड, जिभेची आग शमते. ऐकायला पटतं. लबाड माणसाचं बोलणं ऐकायला पटतंच.

शुक्रवार, ७ मार्च

सूप पुन्हा बेचव. "लसूण कुठे आहे?" म्हटलं. आचारी म्हणतो, "घातलाय, बाई." "मग अजून घाला." घातला. तरी नाही. बावीस वर्षं या माणसाने मला कधी चव घेऊन 'हं' म्हणण्यापलीकडे बोलू दिलं नव्हतं. थंडीत ती मोठी सर्दी झाली, पंधरा दिवस मी घरी होते — तेव्हापासून त्याचा हात बिघडलाय. की बिघडवलाय?

कॉफीवाल्यानेही माल बदललाय. विचारलं तर शपथा घेतो.

शनिवार, ८ मार्च

उघड्या बाटल्यांच्या लेबलांवर पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. कुणाला सांगितलेलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

सापडलं!

खुणांपेक्षा दोन बोटं वाइन कमी. विचारलं, तर सून मख्ख चेहऱ्याने — "मी आणि आचारीकाका चाखून बघतो ना, आई. त्यांनाही कळायला हवं." म्हणजे दोघं एक.

पण खरा मासला पुढेच. ओट्याखाली, फडक्याने झाकलेलं दुसरं पातेलं. सूपच! माझ्यापुढे येतं ते एक आणि बाहेर जातं ते दुसरं! चमचा बुडवला. तेच बेचव, काडीचा फरक नाही. मग दोन कशाला? आचारी आला, मला वाकलेली पाहून थबकला. "बाई, ते… जास्तीचं आहे." बावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलला. जमत नाही त्याला. सवय नाही.

बुधवार, १२ मार्च

कुठेतरी पाणी मुरतंय. आता मीच सोक्षमोक्ष लावते.

नाकेश्वराने एक पांढरी बाटली परत न्यायला बाजूला ठेवली आहे. बूच खराब निघालं, वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो म्हणे. म्हणे! ती खराब आणि त्याच वाइनची चांगली बाटली, दोन सारख्या सुरयांत ओतायची. सुनेने सगळ्यांसमोर माशासोबत एक निवडायची. चुकली की तक्ता फाडायचा, वाइन बंद, विषय बंद.

शुक्रवार, १४ मार्च

दुकान उघडायच्या आधी चौघं होतो — सून, आचारी, नाकेश्वर, मी. ताजा तळलेला मासा ताटलीत. खराब वाइनच्या सुरईच्या बुडाला मी पेन्सिलीने फुली मारलेली. अट सांगितली. सून म्हणाली, "चालेल."

तिने उजवीकडची सुरई उचलली आणि ग्लासात ओतायच्या आधीच खाली ठेवली. "आई, ही कुणी ओतली? ही द्यायची नाही हं गिऱ्हाइकाला." नाकेश्वर नुसता जवळ आला आणि मान हलवली. आचाऱ्यानेही! काल-परवापर्यंत ज्याला वाइन आणि व्हिनेगर एकच होतं, तो म्हणतो, "भिजलेलं खोकं."

सुरई उलटी करून पाहिली. फुली.

मी म्हटलं, "खूण पाहिलीत तुम्ही! सगळी मिलीभगत आहे. आणा इकडे." दोन्ही ग्लास भरले. हुंगले. प्यायले. पुन्हा प्यायले. मग मोठ्याने म्हणाले, "दोन्ही एकच आहेत! एकाच बाटलीतली. मला फसवता?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं.

दोन्ही सुरया मीच भरल्या होत्या. माझ्या हाताने.

आचारी पाठ फिरवून भांडी घासू लागला. ती घासलेलीच होती.

शनिवार, १५ मार्च

आचाऱ्याला समोर बसवलं. खरं सांगा म्हटलं. फडक्याला पीळ घालत म्हणाला,

"बाई, त्या सर्दीपासून तुम्हाला वास येत नाही. तुम्ही लसूण घाला म्हणता, आम्ही घालतो, तुम्ही अजून म्हणता. गिऱ्हाइकांनी दोनदा परत पाठवलं. मग सूनबाई म्हणाल्या, काका, आईंसमोर त्या सांगतील तसंच करायचं. गिऱ्हाइकांचं वेगळं पातेलं ठेवा. आईंना कळता कामा नये, त्या खचतील."

"कधीपासून?"

"तीन महिने होत आले."

तीन महिने रोज दोन पातेली! आणि मी लेबलांवर रेघोट्या ओढत होते.

तिचा तक्ता भिंतीवर लागलाय. नीट वाचला नव्हता, वाचायचाच नव्हता. आज चष्मा लावून वाचला. पहिली ओळ — "तळलेल्याला आंबट जोडीदार हवा." हे वाक्य माझं आहे. ती लग्न होऊन आली त्या वर्षी माशावर लिंबू पिळताना मी म्हटलं होतं. चौथी ओळही माझीच, तिखटाला गोडाने आवर घालायचा. मला आठवतही नव्हतं. तिने जपून ठेवलं होतं.

सोमवार, १७ मार्च

डॉक्टरांनी सहा बाटल्या हुंगायला दिल्या. सहापैकी शून्य. सर्दीनंतर काहींचं जातं, काहींचं परत येतं. रोज हुंगण्याचा सराव करा म्हणाले.

बाहेर सून बसली होती. निकाल विचारला नाही. "आई, कॉफी घ्यायची?" म्हणाली. मी म्हटलं, "बेचव असते." म्हणाली, "गरम तर असते."

कॉफीवाल्याची माफी मागून टाकली. तो बिचारा गोंधळला. तिची मागायला गेले, तर तोंडातून निघालं — "ओटा पुसलास का नीट?" मला जमत नाही. कधीच जमलेलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

आज सकाळी सुनेच्या हाती सोपवलं ते असं —

चवीचा चमचा, एक. दांडा किंचित वाकलेला.

पेन्सिल, एक. ती तिने परत केली. "राहू द्या, आई. संशय घ्यायला नाक लागत नाही." आचारी एवढा हसला की त्याला ठसका लागला. मीही.

आणि, हे वाक्य पुरं झालं की, ही वही — पहिल्या पानापासून.