मंद केलेला उजेड

नेरेइदाताई,

टीव्हीची जागा रिकामी बघून घाबरू नकोस. चोर नाही, मीच तो दुकानात परत द्यायला नेलाय.

काल मॅचला सगळा शेजार जमलेला असताना तू म्हणालीस, "पडदा लुकलुकतोय, डोकं फुटतंय." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आल्या राणीसाहेब! आम्हाला दिसत नाही ते यांना बरं दिसतं!" मावशीने तर "इस्त्रीच्या गरम हातांनी लगेच फ्रिज उघडलास, म्हणूनच डोकं धरलं," असा तुलाच बोल लावला, आणि उतारा म्हणून तुझ्या कपाळावर बटाट्याच्या चकत्या बांधल्या. मी हसलो, आणि उपकार केल्यासारखा पडद्याचा उजेड तेवढा मंद केला.

सकाळी कालच्या मॅचमधला गोल पुन्हा दाखवत होते, तो मॅच हुकलेल्या रामिरोला पाठवायला टीव्हीसमोर मोबाइल धरला, तर त्यात पडद्यावरून काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या. उजेड वाढवला की विरायच्या, मंद केला की दाटायच्या. नुसत्या डोळ्यांनी मला अजूनही काही दिसत नाही गं. तू मात्र मॅचभर तेच सोसलंस, आणि वर मी ते वाढवून दिलं.

मक्याच्या अरेपा तव्यावर झाकून ठेवल्यात. तुझंच खरं होतं, हे शेजाऱ्यांना मीच सांगेन. तुला उठवून तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी दुकानात येशील? तुझे डोळे हो म्हणतील तोच टीव्ही घेऊ.

एवारिस्तो