एलिसाचा चेहरा

२३ एप्रिल, गुरुवार

एलिसाचा चेहरा भाजला. माझ्या खुर्चीत, माझ्या हातून!

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे. काय झालं ते लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल माझं.

दहा मेला पोरीचं लग्न. बरोबर होणारी सासू, पॉलिन. गाऊन मुलाकडचा, म्हणून पार्लरही मुलाकडच्यांनी ठरवायचं, आणि पार्लरमध्ये बसायला माणूसही मुलाकडचंच — ही पॉलिनची पद्धत. बाकावर बसून माझी एकेक डबी उघडून वास घेत होती. जणू बाजारात मासे निवडायला आलीय! काल येऊन गेल्या तेव्हा मी ब्लीचची टेस्ट केली होती, कोपराच्या आतल्या बाजूला, नेहमी करते तशी. आज बघितलं तर हात स्वच्छ. ना लाली, ना खाज. तरी विचारलं, "चेहऱ्याला काही लावतेस का गं? क्रीम, औषध?"

"काही नाही, आंटी."

"तिची स्किन मुळातच चांगली हाय," पॉलिन म्हणाली.

ब्लीच लावलं. थोड्या वेळानं पोरगी पुटपुटली, "आंटी, जळतंय." मी स्पंज भिजवायला उठले, तर पॉलिन — "थोडं सोस, बाय. लग्न काय रोज व्हतं? फ्लॉसी, इतक्यात नको काढू, नायतर उजळायचं नाय."

आणि मी थांबले! जळतंय म्हटलं की आधी पुसायचं, मग बोलायचं, हे मी शिकायला येणाऱ्या पोरींच्या कानीकपाळी ओरडत असते. आणि मीच थांबले. कशासाठी? तर गिऱ्हाईक नाराज होऊ नये! पुसलं तेव्हा दोन्ही गाल लालबुंद झाले होते, आणि डाव्या गालाची कातडी सुटून आली.

पॉलिन किंचाळली. एलिसा नाही. ती नुसती आरशात बघत बसली. मी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते आणि सॉरी, सॉरी म्हणत होते. 

२४ एप्रिल, शुक्रवार

पॉलिनला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. कट केला.

२५ एप्रिल, शनिवार

गावच्या ग्रुपवर एलिसाच्या गालाचा फोटो. खाली पॉलिनचा आवाज — "फ्लॉसीच्या पार्लरात कोनी पाय ठेवू नका. आमच्या सुनेचं तोंड जाळलं तिनं."

गॉडफ्रे म्हणाला, "एवढी जाहिरात तर पैसे मोजूनही झाली नसती." माझं तोंड बघून त्यालाच वाईट वाटलं. उठून चहा करून आणला. नवरा वाईट नाही, फक्त विनोद चुकीच्या वेळी करतो.

ईस्टर झाला की आमच्याकडे लग्नांना ऊत येतो. उपवासकाळात सगळं थांबलेलं असतं, मग एप्रिल-मेमध्ये नवऱ्या रांग लावतात. माझं वर्ष याच दोन महिन्यांवर चालतं. आज दुपारपासून फोनवर फोन — सगळ्यांच्या मेकअपला अचानक कुणीतरी मामेबहीण उभी राहिलीय. वसईत इतक्या मामेबहिणी ब्युटीशियन आहेत हे मला ठाऊकच नव्हतं!

हसून लिहितेय खरं. बुकिंगच्या वहीतली नावं एकेक करून खोडतेय.

२६ एप्रिल, रविवार

मिस्साला गेले. मुद्दाम गेले, तोंड लपवायचं नाही म्हणून. आमच्या बाकावर मी, गॉडफ्रे आणि उरलेली रिकामी जागा. फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. पुढच्या बाकावरची क्लारा दर रविवारी वळून माझा हात हातात घेते. तिच्या भुवया इतकी वर्षं मीच करते. आज ती वळलीच नाही. मी जोडलेले हात तसेच खाली घेतले.

घरी येऊन रडले. भात करपला.

२८ एप्रिल, मंगळवार

सकाळी एलिसाचा फोन! "आंटी, स्किनच्या डॉक्टरकडे चला ना माझ्याबरोबर. मम्मीला नेलं तर ती तिथेच रडायला लागेल. आणि ते ब्लीचचं खोकं पण घ्या."

जिनं माझ्याकडून चेहरा जाळून घेतला तिनंच मला सोबत मागितली. मी चप्पल उलटी घालून धावले.

डॉक्टरांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. खोकं वाचलं, बाजूला ठेवलं. मग विचारलं, "चेहऱ्याला रोज काय लावतेस?" एलिसानं पर्स घट्ट धरली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पर्समधून एक ट्यूब काढून टेबलावर ठेवली. पार दाबून दाबून चपटी केलेली.

"यात स्टेरॉइड आहे," डॉक्टर म्हणाले. "सुरुवातीला रंग उजळतो, आणि आतून कातडी पातळ होत जाते. कांद्याच्या पापुद्र्यासारखी. त्यावर ब्लीच लावलं तर दुसरं काय होणार?" मग माझ्याकडे वळले, "हातावर टेस्ट करून कसं कळणार, बाई? ही क्रीम कुणी हाताला लावतं का? यापुढे कानामागे, जबड्याजवळ करा."

खरं सांगते. इथे खोटं लिहून काय करू? पहिल्यांदा मला आनंद झाला. सुटले! माझ्यामुळे नाही! मग तिच्याकडे बघितलं आणि स्वतःचीच लाज वाटली. जळतंय म्हटल्यावर मी थांबले होतेच की.

बाहेर आल्यावर जिन्यातच तिनं माझा हात धरला. "आंटी, कुणाला सांगू नका. पॉलिन आंटींना तर अजिबात नको. लग्न मोडेल माझं."

मी हो म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

३० एप्रिल, गुरुवार

गॉडफ्रेलाही सांगितलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत पापडी गावच्या बाजारात पोचेल. तो म्हणतो, "ब्लीचच्या कंपनीवर केस टाक." मी नुसती मान हलवते.

सगळं समजतंय मला. सासू येताजाता "मुळातच चांगली" म्हणून मिरवते. ट्यूबचं कळलं तर म्हणेल, फसवलं आम्हाला. म्हणून पोरगी घाबरते. पण मग माझं काय? एक शब्द ग्रुपवर टाकला की मी मोकळी. डॉक्टर साक्षीला आहेत. सकाळपासून चारदा टाइप केलं, चारदा पुसलं.

मला तिचा राग येतो. हो, पोरीचाच! खुर्चीत खरं बोलली असतीस तर दोघी वाचलो असतो गं.

पॉलिनचा निरोप आला. घरी ये, सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर पोलिसात जाते.

२ मे, शनिवार

गेले. नायगावला कोळीवाड्यात तिच्या घरी. ओटीवर तिच्या जावा, शेजारणी, दोन म्हाताऱ्या — नाटक बघायला जमल्यासारख्या बसल्या होत्या. मला खुर्ची दिली नाही. पाणीही नाही.

"बोल," पॉलिन म्हणाली.

मी म्हटलं, माझी चूक झाली. वेळेवर पुसायला हवं होतं, पुसलं नाही.

"मोठ्यानं बोल. मागं कोनाला ऐकू जात नाय."

मोठ्यानं म्हटलं.

"आता माझ्या पोराच्या फोटोत काय दिसनार? नवरी काली, तोंडावर डाग! आमच्या घरान्यात अशी सून कोनी आनली नाय." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. खरोखरचं रडू. मला तेवढ्यापुरती तिचीही दया आली. जीभ दातांखाली धरून ठेवली होती, म्हणून वाचली ती पोरगी. नाहीतर तोंडाशी आलं होतं सगळं.

परत येताना गॉडफ्रे स्कूटर चालवत होता आणि मी त्याच्या पाठीला डोकं लावून हमसून हमसून रडत होते. पुलावर त्यानं गाडी बाजूला घेतली.  विनोदही केला नाही.

४ मे, सोमवार

एलिसा आली. तोंडाला ओढणी. सोडली तर — अरे देवा! क्रीम थांबवल्यापासून चेहरा आणखी सुजलाय. लाल, पुटकुळ्या, वारा लागला तरी आग होते म्हणते. क्रीम सुटली की असं होणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. उतरायला काही महिने लागतील.

"आंटी, दहा तारखेला झाकून द्या मला. तुमचा हात सगळ्यात चांगला आहे."

"या चेहऱ्याला मी फाउंडेशनचं बोटसुद्धा लावणार नाही."

"मग मी काय करू? सांगा ना, काय करू?" मग एकदम शांत झाली. "मी ती क्रीम परत चालू करते. लावली की दोन दिवसांत लाली जाते. फक्त लग्नापर्यंत."

 हात जोडले तिला. म्हटलं, बाई गं, माझं पार्लर बंद पडलं तरी चालेल, पण हे करू नकोस. पुढच्या वेळेला याहून वाईट होईल. पर्स ओढून घेतली, ट्यूब काढली, उरलीसुरली बेसिनमध्ये पिळून टाकली. ती बघत राहिली.

"घरी दुसरी आहे, आंटी."

"आणतेस तरी कुठून?"

तिनं ओढणी बांधली आणि गेली.

सासू नाराज होऊ नये म्हणून ही पोर स्वतःचा चेहरा जाळणार, आणि गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून मी हात आवरला. कोण कुणाला शहाणपण शिकवणार?

५ मे, मंगळवार

कुणी आलं नाही. आरसे पुसले. पुन्हा पुसले.

६ मे, बुधवार

एलिसा फोन उचलत नाही. तिच्या मम्मीनं उचलला — "आज जरा बरी दिसतेय पोरगी. लाली उतरलीय." आनंदानं सांगत होती बिचारी!

लावली. तिनं लावली.

सांगू का आता? दिलेला शब्द मोडू? तिच्या मम्मीला सांगितलं तर रडेल, पॉलिनला सांगितलं तर लग्न मोडेल. नाही सांगितलं तर कायमची चेहऱ्याला मुकेल.  खुर्चीत बसून राहिलेय, गिऱ्हाईकाच्या खुर्चीत.

७ मे, गुरुवार

हिलरी आला होता. एलिसाचा होणारा नवरा. दारातच उभा, हेल्मेट हातात. "आंटी, मम्मी त्या दिवशी जरा जास्तच बोलली. तिच्या वतीनं सॉरी." मग खिशातून नवीकोरी ट्यूब काढली. "एक विचारायचं होतं. साखरपुड्यापासून मम्मीच एलिसाला ही आणून देते, रोज लावायला सांगते. परवा म्हणाली, घरातली संपत आलीय, म्हणून नवी घेऊन चाललोय. भाजलेल्यावर लावलेली चालते ना?"

मी शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही म्हणून. पण क्रीमचं त्याला आधीच ठाऊक होतं; पोरीला भीती होती ती सासूवर बोट येईल याची. ती ट्यूब कसली आहे, एवढंच ठाऊक नव्हतं. तेवढं सांगितलं.