येडशीचं मशीन, कळंबची खुर्ची

९ ऑक्टोबर, सोमवार
…पीठ मळत होते, दूध वर येत होतं, सडा अर्धाच झालेला. आणि हे चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "येडशीचं मशीन परत बसलंय. संध्याकाळच्या गाडीनं येतो." साधी शनिवारची सकाळ. अशा कितीतरी गेल्या. आज तीच का आठवावी?

का ते माहीत आहे. समितीचं पत्र आलंय. आमच्या वाचनालयाच्या येडशी शाखेतल्या नोंदी आठ महिने मागं आहेत — शाखा बंद करावी, पुस्तकं कळंबला आणावीत. आठ महिने म्हणजे हे गेले तेव्हापासून. इरम्मा तिथं पुस्तकं देते-घेते, वहीत लिहिते, पण मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरला, बोट लावत नाही. मी जावं तर इथं कुलूप.

पण एक वाचलंय! इथल्या खुर्चीत बसून तिथलं मशीन चालवता येतं. तिथला पडदा इथं दिसतो, इथल्या माऊसनं तिथला बाण हलतो! इरम्मानं फोनवर वही वाचावी, मी इथनं नोंद करावी.

अध्यक्षांना, म्हणजे आण्णासाहेबांना, लगेच फोन केला. "२३ तारखेला बैठक घ्या. करून दाखवते." "बघू की वैनी," म्हणाले.

११ ऑक्टोबर
गोम अशी — कळंबला विंडोज, येडशीला लिनक्स. तिथलं मशीन म्हातारं, विंडोज पेलेना, म्हणून ह्यांनीच टाकलं होतं. पुण्याला निकिताकडं तिसराच प्रकार, मॅक. अडलं तर तिनंही आत शिरून बघावं असं माझ्या मनात.
निकिता म्हणते, "आई, सगळे वापरतात ते घे ना." सगळ्यांकडं येडशी नाही, बाई!

१३ ऑक्टोबर
तीन सॉफ्टवेअर पाहून झाली. पहिलं लिनक्सवर चालतच नाही. दुसरं फार देखणं, अक्षर कसं लख्ख! निकिताच्या मॅकशी जोडून पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणतं — तुमचा वापर धंद्याचा दिसतो, पैसे भरा. वाचनालय आणि धंदा! एकटीच हसले.

तिसरं फुकट. कसं बनवलंय तेही उघड ठेवलेलं, कुणीही बघावं. तिन्ही प्रकारांवर चालतं. माहिती सगळी इंग्रजीत. शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं याच कपाटांतून शिकले, हेही शिकेन.

१६ ऑक्टोबर
कळंबला कुलूप लावून येडशीला. सॉफ्टवेअर घातलं, कायमचा पासवर्ड दिला. तरी प्रत्येक वेळी तिथला पडदा विचारतो — आत येऊ द्यायचं का? आणि इरम्मा तर मशीनला शिवत नाही! दोन तास गेले. शेवटी सापडलं. नाव-पासवर्ड टाकतो त्या पानावर कोपऱ्यात एक दातेरी चक्र असतं, त्यातनं पडद्याची जुनी पद्धत निवडायची. मग विचारत नाही.
इरम्मा म्हणे, "काय ओ बाई, जेवणबी न्हाय! पिच्चर लागलाय का त्यात?"

१७ ऑक्टोबर
लागलं!! इथं, माझ्या टेबलावर, येडशीचा पडदा! वर ह्यांचंच नाव — अंबादास. ते बदलायचं कुणाला सुचलं नाही. मीही बदलणार नाही. थोडा वेळ नुसती बघत बसले. मग इरम्माला फोन लावला.
"पाटलाच्या सुनंनं नेलं, दिलंच न्हाय. लिवा!"
"अगं, तिचं नाव?"
"पाटलाची सून! आख्ख्या येडशीला ठावं हाय."

२१ ऑक्टोबर
आठही महिने पूर्ण! मान धरलीय. धरू दे.

२३ ऑक्टोबर
काय ही फजिती! समितीचे पाचही जण समोर. मी बटण दाबलं. येडशी उघडेना. परत दाबलं. इरम्माला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.
"मेन बंद केलाय," ती शांतपणे म्हणाली. "आज खंडेनवमी न्हाय का? हत्यारं इसाव्याला बसल्यात. मशीनलाबी पुसून, हार घालून बसवलंय. दसरा झाल्यावर उठवते."
तारीख मीच मागितलेली! तिथी पाहिलीच नव्हती.
मला वाटलं, संपलं. तर आण्णासाहेब हसायलाच लागले. "बराबर हाय तिचं. माझा ट्रॅक्टरबी आज उभाच हाय. तुमीच कसं ओ वैनी आज मशीन चालू केलं?" बैठक परवावर गेली.

२४ ऑक्टोबर, दसरा
आज मशीनला हात नाही. खरंच नाही.

२५ ऑक्टोबर
उघडलं! पहिल्या झटक्यात! मी बाण हलवला, तिकडनं इरम्मा ओरडली, "हालायलंय! आपोआप हालायलंय!" आण्णासाहेबांनी टेबलावर थाप मारली. "ऱ्हाणार! शाखा ऱ्हाणार!" मला रडू आलं, पण आवरलं.

मग चहा आला. चहा घेता घेता आण्णासाहेब सहज म्हणाले, "मग तिथं इरम्मा तरी कशाला? कुलूप शेजारचा दुकानदार उघडंल. बाकी वैनी इथनं करत्यालच की." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या महिन्यापासून, असं ठरलंही.

इरम्माचा फोन चालूच होता. मग तिकडनं कट झाला.

हे मी केलं. रात्री दोनदा लावला, उचलला नाही.

२७ ऑक्टोबर
काल कळंबचं मशीन चालूच ठेवून पहिल्या एसटीनं येडशीला गेले. इरम्मा दारातच म्हणाली, "आता काय न्यायला आलाव?" तिला मशीनपुढं बसवलं, तिचा हात धरून माऊसवर ठेवला आणि तिथनं कळंबचं मशीन उघडायला शिकवलं. तिनं एका बोटानं दोन ओळी लिहिल्या, पाऊण तास लागला — 'कळंबचं काम येडशीतूनही होतं. एकीला काढलं तर आम्ही दोघीही येणार नाही.' खाली दोघींची नावं. रोज नऊ वाजता आण्णासाहेब स्वतःच्या किल्लीनं वाचनालय उघडून पेपर वाचत बसतात. साडेनऊला इरम्माकडून छापायचं बटण दाबून घेतलं, आणि कागद कळंबात, त्यांच्या शेजारच्या प्रिंटरमधून बाहेर पडला.